एमजी सारखं म्हणजे गोळी सारखी नव्हे
वर कोणीतरी लिहिलंय की कोलेस्टेरॉलची ॲटोर्वा (ॲटोर्वास्टॅटिन) मिळत नसेल तर तेवढ्याच एमजीची रोसुवा (रोसुवास्टॅटिन, तीही कोलेस्टेरॉलचीच) घ्या, सगळं एकच. तसं नाही ओ, कंपनी बदलली तर ठीक, पण औषधच बदललं की गणित बदलतं, रोसुवास्टॅटिन 10 साधारण ॲटोर्वास्टॅटिन 20 एवढं काम करतं, ते डॉक्टरांनाच ठरवू दे.

आमच्या आईची ॲटोर्वा अन् ॲस्पिरिन एकत्र असलेली कॅप्सूल सिव्हिल हॉस्पिटलसमोर, सात रस्त्याला कुठंच मिळेना, तेव्हा एका मेडिकलवाल्या काकांनी रिकामी पट्टी उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचली अन् म्हणाले, ॲटोर्वा 10 अन् ॲस्पिरिन 75 सुट्ट्या आहेत की, डॉक्टरांना फोन लावून विचारा. डॉक्टर हो म्हणाले. पुढच्या महिन्यात त्याच गोळ्या सरकारी योजनेच्या जनऔषधी दुकानातनं आणल्या, स्वस्तही पडल्या. आता एकीच्या दोन गोळ्या बघून आईला वाटतंय आजार वाढलाय अन् आम्ही लपवतोय!