जोगवा गाते, पण तो माझा वाटत नाही. काय करावं?

स्वरदा_डोंबिवली

नमस्कार. मी लहानपणापासून शास्त्रीय संगीत शिकले, आता शिकवतेही. अभंग गाताना मला कधी अडत नाही. आमच्या घरी बाबा रोज दिवेलागणीला हरिपाठ म्हणायचे आणि आम्ही भावंडं टाळ घेऊन मागे बसायचो, त्यामुळे अभंग अंगात भिनलेले आहेत.

नवरात्रात मात्र मला एकनाथ महाराजांचा जोगवा गायला सांगतात, ‘अनादि निर्गुण प्रगटली भवानी’. सूर लागतो, ताल सुटत नाही, लोक छान झालं म्हणतात. पण आत काही हलत नाही. ‘पूर्ण बोधाची भरीन परडी’ ही ओळ म्हणताना डोळ्यांसमोर काहीच येत नाही. परडी मी कधी हातात धरलेली नाही, गोंधळ फक्त व्हिडिओत पाहिलाय. ज्यांच्या घरातच ही गाणी आहेत, त्यांचं या गाण्यांशी नातं कसं असतं? बाहेरच्या गायिकेला ते जोडता येतं का? की मी आपले अभंगच गावेत?

नाथसेवक

ताई, अर्थ नीट लावा. नाथांनी महिषासुराला मोह म्हटलंय, सासऱ्याला दंभ, आशा-तृष्णेच्या दरडी पाडायला सांगितल्यात. सगळं रूपक आहे. अर्थ मनात ठसला की भाव आपोआप येतो.

संबळ_बार्शी

ताई, दादांनी सांगितलं ते बरोबर आहे, पण अर्थ तुम्हाला आधीच कळलेला दिसतोय. अडलंय ते दुसरीकडं. मी गोंधळी घरातला, कदमराई, म्हंजे तुळजाभवानीचे गोंधळी. वडील गायचे, त्यांच्या आधी आजोबा. माझ्यापुरतं सांगतो.

मला कुणी बसवून गाणं शिकवलं नाही. पोरवयात हातात तुणतुणं दिलं आणि झील धरायला मागं उभं केलं. झीलकऱ्याचं काम एवढंच की म्होरक्यानं ओळ टाकली की शेवट उचलायचा. रात्रभर. झोप आली तरी तोंड चालू. गाण्याचा अर्थ मला फार पुढं कळला, त्याआधी गाणं कुणासाठी चाललंय ते कळलं होतं. माझ्या मते तुमचं उत्तर तिथंच आहे.

आमच्याकडं लग्न झालं की देवीचा गोंधळ घालतात. पाटावर नवं कापड अंथरायचं, त्यावर तांदळाचा चौक, मधे कलश, वर नारळ, भोवती विड्याची पानं, सुपाऱ्या, खण. वरून उसाची नाहीतर ज्वारीची पाच ताटं एकत्र बांधून उभी करायची. दिवटी पेटवायची. इथवर कुणीही करील. वडील मात्र चौक मांडतानाच घरच्या म्हातारीशी बोलत बसायचे. माहेर कुठलं, सासरचं मूळ गाव कुठलं, शेतात कोण बसलंय, आसरा का म्हसोबा, वेशीत कोण आहे. म्हातारी सांगत जायची आणि वडील मान हलवत पानं लावत राहायचे. मला वाटायचं, सहज गप्पा चालल्यात.

मग रात्री आवाहन सुरू झालं की तुळजापूरची भवानी गोंधळाला ये, कोल्हापूरची अंबाबाई गोंधळाला ये, माहूरची रेणुका, जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा, असं बोलावता बोलावता त्या म्हातारीच्या माहेरचा वेशीवरचा मारुतीसुद्धा यायचा. चारशे उंबऱ्यांच्या गावातला मारुती तुळजाभवानीच्या पंगतीला. म्हातारी पदर तोंडाला लावून रडायची. चाल तीच, संबळ तोच, एक नाव बदललं की ते गाणं त्या घरचं झालं. वडील सगळ्यात शेवटी त्यांच्या गुरूचं नाव घ्यायचे. आता ते नाव घेऊन झालं की मी वडिलांचं घेतो. तेवढ्या जागी माझा आवाज अजून जड होतो, आणि मी तो सावरत नाही.

तर नातं असं आहे. आमची गाणी म्हणजे हाका आहेत. कुणाला तरी बोलवायचं असतं, कुणाकडून तरी मागायचं असतं. तुम्ही सभागृहाला ऐकवताय, म्हणून ते आतून हलत नाही.

आता परडीचं. परडी वेताची असते, आत कवड्यांची माळ, भंडारा-कुंकू. मंगळवारी, शुक्रवारी, नवरात्रात बाया ती घेऊन पाच घरी जोगवा मागतात, पीठ-ज्वारी जे मिळंल ते. श्रीमंताघरची सूनसुद्धा मागते, कारण नवस तसा असतो. दुसऱ्याच्या दारात हात पसरायला मान वाकवावी लागते, ही पहिली गोष्ट. नाथ पैठणचे, सोळाव्या शतकातले. त्यांनी गोंधळी, भुत्ये, आराधी, वासुदेव सगळे डोळ्यांनी पाहिलेत, म्हणून परडी तशीच ठेवली आणि आत पिठाच्या जागी बोध मागितला. तुम्ही एकदम बोधापासून सुरुवात करताय. आधी पिठाची परडी घ्या.

आणि एक गाण्याचं. जोगव्यात हरकती-मुरक्या कमी करा. ओळीचा शेवट सरळ टाका, मागच्याला उचलता आला पाहिजे. जोगवा एकटीनं गायचं गाणं नाही.

पांढरी_पाच

काकांच्या बोलण्यावरून शाहीर विठ्ठल उमप आठवले. जन्म 1931 चा, मुंबईतला. लहान वयापासून आंबेडकरी जलशात गायले, शेवटपर्यंत भीमगीतं गायली, आणि त्याच गळ्यानं भारूड, गोंधळ, कोळीगीतंही. गोंधळ्यांच्या तोंडी असलेलं जांभूळ आख्यान त्यांनी रंगभूमीवर आणलं. द्रौपदी कर्णाबद्दलची मनातली गोष्ट कबूल करते ते आख्यान. त्यांची स्वतःची श्रद्धा बुद्ध-आंबेडकरांवर, तरी द्रौपदीचा कबुलीजबाब त्यांच्या तोंडून ऐकताना कुठंही परकेपणा वाटला नाही. 2010 च्या नोव्हेंबरात नागपूरला दीक्षाभूमीवरच्या कार्यक्रमात, मंचावरच ते गेले. स्वरदाताई, कुठल्या घरात जन्मलो यावरच सगळं ठरत असतं तर उमपांचं निम्मं गाणं झालंच नसतं.

स्वरदा_डोंबिवली

काका, तुमचं उत्तर आईला वाचून दाखवलं. तिच्याकडून कळलं की आमची कुलदेवता माहूरची रेणुका आणि आजोबांच्या लग्नापर्यंत आमच्याकडे गोंधळ व्हायचा. मुंबईला आल्यावर तो सुटला. मला हे माहीतच नव्हतं. गावच्या देवांची नावंही आईनं सांगितली, मी लिहून घेतली आहेत. येत्या नवरात्रात जोगव्याच्या आधी मंचावर ते आवाहन घेतलं तर चालेल का? चौक मांडता येणार नाही, कार्यक्रम दोन तासांचा आहे, साथीला तबला आहे.

संबळ_बार्शी

रेणुका म्हंजे तुमचे गोंधळी रेणुराई. लई बरं वाटलं वाचून.

ताई, आवाहन घेऊ नका. मी हल्ली मंचावर बघतो, माइकसमोर उभं राहून सगळ्या देवांना बोलावतात, लगेच टाळ्या, लगेच पुढचं गाणं. मला ते सहन होत नाही. बोलावलं तर बसायला जागा पाहिजे, तीच चौकाची जागा. मग रात्रभर आख्यान लावायचं, पहाटं दिवट्या ओवाळून आरती करायची, मग ज्याला त्याला ज्याच्या त्याच्या ठिकाणी पोचवायचं. चौक नसंल तर हाक मारू नये असं आमच्या घरात मानतात, आणि मला ते पटतं. गोंधळ घालायचाच असंल तर घरी घाला. तुमच्या आईला अजून आठवतंय तोवर घाला.

जोगव्याला चौक लागत नाही. तो दारात उभं राहूनच मागायचा असतो, म्हणून मंचावर खुशाल गा. तबला चालंल, फक्त ठेका साधा ठेवायला सांगा. शिकवणीतल्या दोन पोरी झील धरायला मागं घ्या आणि त्यांना माइक द्या. सुरुवातीला ‘उदो उदो’ म्हणा, समोरच्या बाया आपोआप साथ देतात. आईनं सांगितलेली नावं गाताना मनात घ्या.

परडी विकत आणून ती सजावटीला ठेवू नका. गाणं झालं की खाली उतरा आणि समोर बसलेल्या पाच जणींकडं पदर पसरून खरंच मागा. कार्यक्रमवाल्यांना आधी सांगून ठेवा, म्हंजे त्या घरून मूठमूठ पीठ घेऊन येतील. तुम्हाला लाजल्यासारखं होईल, होऊ द्या. त्या पिठाची भाकरी करून घरात सगळ्यांनी वाटून खायची. आमच्याकडं ते पीठ दुसऱ्या पिठात मिसळत नाहीत, वेगळंच मळतात.