गिनीतली सरकारी मैफल
पश्चिम आफ्रिकेतल्या गिनीचे पहिले अध्यक्ष सेकू तुरे यांनी कलेला राजाश्रय दिला, असं म्हणतात ते खरंय, पण अर्धंच. २८ सप्टेंबर १९५८ च्या सार्वमतात गिनीने फ्रान्सचे नेते द गॉल यांना, म्हणजे फ्रेंचांच्या छत्राखाली राहायला, साफ नकार दिला आणि २ ऑक्टोबरला देश स्वतंत्र झाला. फ्रेंचांनी जाताना टेलिफोनसुद्धा उपटून नेले. त्या ओढगस्तीतही तुरेंनी वादकांना सरकारी पगार दिला, प्रांतोप्रांती ऑर्केस्ट्रा उभे केले. बेयला या आडवळणाच्या गावातला 'बेम्बेया जाझ' १९६६ साली राष्ट्रीय वाद्यवृंद झाला. गिटारवर वाजणाऱ्या त्या मांडिंग (तिथल्या एका लोकसमूहाच्या) चाली आजही ऐकाव्यात अशाच आहेत. फक्त मधूनमधून पक्षाची आणि साहेबांची आरती ओवाळावी लागे.

आता फोदेबा केइता यांचं बघा. पॅरिसमध्ये 'बाले आफ्रिकँ' ही नृत्यमंडळी काढणारे हे कवी पुढे तुरेंचे गृहमंत्री, मग संरक्षणमंत्री झाले. १९६९ मध्ये कटाचा आरोप ठेवून त्यांनाच कॅम्प बोइरोच्या तुरुंगात टाकलं आणि ठार मारलं. आफ्रिकी ऐक्य संघटनेचे पहिले महासचिव दियालो तेल्ली हेही १९७७ मध्ये तिथेच अन्नपाणी तोडून मारले गेले. केइतांची नृत्यमंडळी मात्र सरकारी खर्चाने जगभर दौरे करतच होती.