शब्दचर्चा: 'खुशाली' आणि 'ख्यालीखुशाली' यांत फरक काय?

सध्या म्युनिकला असतो. आईशी जवळपास रोज व्हिडिओ कॉल होतो, तरी सुट्टीहून परतताना विमानतळावर तिचं एकच पालुपद: "पोचल्याची खुशाली कळव." परवा एका मित्राने 'तुझी ख्यालीखुशाली कळव' असं लिहिलं आणि जरा खटकलं. दोन्ही एकच का? शिवाय खुशाली म्हणजे आनंद असेल, तर 'आजी पडली, पायाला प्लास्टर आहे' ही बातमीसुद्धा खुशालीतच मोडते का?

प्रतिसाद १

'खुश' दिसतं म्हणून आनंद आठवतो, पण यातला वजनदार भाग पुढचा आहे. फारसी 'खुश-हाल', म्हणजे बरी स्थिती, त्यावरून खुशहाली. मराठीने मधला 'ह' गिळून टाकला. हाच 'हाल' आपल्याकडे एकटा आला की त्याची पार दशा होते: 'प्रवासात हाल झाले', 'कुत्रं हाल खाईना'. मूळ अरबीत त्याचा अर्थ नुसती स्थिती, बरी किंवा वाईट. त्याचंच अनेकवचन 'अहवाल', जो सोसायटीच्या वार्षिक सभेत कोणी न वाचता मंजूर होतो. म्हणजे 'हालहवाल' विचारताना आपण एकवचन आणि अनेकवचन शेजारी शेजारी बसवतो.

'ख्यालीखुशाली'ला माझ्या कानाला चैनीचा वास येतो. 'ख्यालीखुशालीत पैसा उडवला' असं म्हणतात ना, तसा. हल्ली मात्र 'ख्यालीखुशाली विचारली' हे इतकं रुळलंय की त्याला चूक म्हणणं म्हणजे उगाच मास्तरकी. तरी आईला लिहाल तेव्हा साधी खुशालीच लिहा.

प्रतिसाद २

जुन्या पत्रांत खुशालीपेक्षा 'क्षेम' जास्त दिसतं. वर 'श्री', मग 'ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.', आणि लगेच 'इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेमकुशल कळवावे'. एवढं लिहून झालं की मग खरा मजकूर. त्यात म्हैस आटली, भाऊबंदांनी बांध कोरला, काहीही असो. 'सर्व क्षेम' आधी लिहून झालेलंच असायचं.

या शब्दाचा एक विसरलेला अर्थ सांगतो. संतांच्या मराठीत 'क्षेम देणे' म्हणजे आलिंगन देणे. तर मनुस्मृतीत कोणाला काय विचारावं याचीही उतरंड आहे: ब्राह्मणाला कुशल, क्षत्रियाला अनामय, वैश्याला क्षेम, शूद्राला आरोग्य. आपल्या पत्रांनी 'क्षेमकुशल' सरसकट सगळ्यांना विचारलं, हे बरंच झालं.

मूळ प्रश्नाबद्दल: नाही, वाईट बातमी खुशालीत मोडत नसे. मृत्यूची बातमी आणणाऱ्या कार्डावर वर 'श्री' नसे आणि एक कोपरा फाडलेला असे. पोस्टमनच्या हातात असतानाच ते ओळखू येई. घरात न नेता अंगणातच वाचून फाडून टाकत. तारेचं तर विचारूच नका, 'तार आली' एवढ्यावरच बायका रडायला लागत. आत पुष्कळदा 'पास झालो' इतकंच निघे. ती सेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली.

प्रतिसाद ३

कोकणातून लिहितेय. आमच्याकडे खुशाली यायची ती मनीऑर्डरीवर. चाकरमानी मुंबईत गिरणीत, घरची माणसं गावात. फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर चार ओळी लिहायला जागा असे. गावी वाचता येणारा बहुधा पोस्टमनच, त्यामुळे नवऱ्याने बायकोला लिहिलेलं तो सासऱ्यासमोर मोठ्याने वाचणार! मग लिहिणार काय? 'गणपतीला येतो. धाकट्याचे औषध चालू ठेवणे.' बायकोने त्यातून काय घ्यायचं ते घ्यावं, आणि पैशांसाठी अंगठा द्यावा.

बाकीचं जाई ते 'सांगाव्या'ने, म्हणजे मुंबईला निघालेल्या शेजाऱ्याच्या तोंडी. सांगावा तोंडीच; निरोप चिठ्ठीतूनही जातो. आणि निरोप तर विचित्रच शब्द आहे: माणूस जवळ असला की 'घ्यायचा', लांब गेला की 'पाठवायचा'.

प्रतिसाद ४

तुमच्या आईच्या वाक्यातला 'पोचल्याची' सगळ्यांनी सोडून दिलात. 'पत्राची पोच द्यावी' म्हणजे मिळाल्याचं कळवावं. आणि 'त्याला पोच नाही' म्हणजे कुठे काय बोलावं ते कळत नाही. आमच्या काकू दोन्ही अर्थ एकाच वाक्यात वापरतात. पुतण्याच्या दोन निळ्या खुणा दिसतात, उत्तर येत नाही; मग म्हणतात, "पोच मिळाली, पण पोराला पोच नाही."

एसटीडी बूथच्या काळात रात्री अकरानंतर दर उतरायचे, तोवर रांगेत थांबायचं. पुढे मोबाइल आला आणि 'पोचलास की मिसकॉल दे' सुरू झालं. फोन उचलायचा नाही, पैसे लागत नाहीत, आणि एका वाजण्यात पोच आणि खुशाली दोन्ही.

मूळ प्रश्नकर्ता

सगळ्यांचे आभार. आजीच्या प्लास्टरची बातमी मला तब्बल तीन आठवडे उशिरा कळली होती. 'सर्व क्षेम' कॉलवरही चालतं तर! आणखी कोणाकडे काही वेगळा शब्द आहे का?

प्रतिसाद ५

आमच्या कोल्हापूरकडं 'काय खबरबात?' म्हणत्यात. त्यात आधी पाऊस, मग उसाचा दर, मग कोण कुठल्या पक्षात गेलं. तब्येतीचं फोन ठेवता ठेवता.