नेब्रास्का हस्कर्सचं घर २००३ साली फिरलं, आणि ते आपणच फिरवलं

ओमाहावासी

नेब्रास्का विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचं, म्हणजे हस्कर्सचं, नक्की कधी बिघडलं, यावरून ओमाहातल्या आपल्या मराठी मंडळींत दर हिवाळ्यात वाद होतो. तरुण पोरं माजी कोच स्कॉट फ्रॉस्टच्या नावाने बोटं मोडतात. कोणी म्हणतं, २०११ मध्ये बिग टेन कॉन्फरन्समध्ये (आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटात) गेलो तिथे फसलो. माझं मत पक्कं आहे. नोव्हेंबर २००३ मध्ये, कोलोराडोला त्यांच्याच मैदानावर हरवल्याच्या दुसऱ्याच दिवशी, कोच फ्रँक सोलिचला काढलं तेव्हा बिघडलं. हंगाम ९-३ होता, म्हणजे नऊ जिंकलेले, तीन हरलेले. असा कोच घरी पाठवणाऱ्या संघाला पुढची वीस वर्षं जे भोगावं लागलं ते त्याने स्वतःच्या हाताने ओढवून घेतलं.

जे हा खेळ पाहत नाहीत त्यांच्यासाठी: राज्याची लोकसंख्या वीस लाखांच्या आसपास, व्यावसायिक फुटबॉलचा एकही संघ नाही. त्यामुळे लिंकनचा कॉलेजचा संघ हाच शेतकऱ्यापासून सर्जनपर्यंत सगळ्यांचा संघ. सामन्याच्या शनिवारी मेमोरियल स्टेडियम हे राज्यातलं तिसरं मोठं शहर असतं, असं इथे म्हणतात, आणि ते शब्दशः खरं आहे. ओमाहा आणि लिंकन सोडलं तर तेवढ्या वस्तीचं गावच नाही. नोव्हेंबर १९६२ पासून तिथला प्रत्येक सामना अधिकृत नोंदीनुसार हाऊसफुल आहे.

१९६२ हेच साल मुळाचं. त्याआधी ओळीने सहा हंगाम पराभवाचे. मग वायोमिंगहून बॉब डेव्हनी कोच म्हणून आले आणि पहिल्याच वर्षी ९-२. तिथून २००१ पर्यंत सलग चाळीस हंगाम विजय पराभवांपेक्षा जास्त. १९६९ पासून तर दरवर्षी किमान नऊ विजय. १९७० आणि १९७१ ची राष्ट्रीय विजेतेपदं डेव्हनींची. १९७१ च्या थँक्सगिव्हिंगला ओक्लाहोमाला ३५-३१ ने हरवलं, तो सामना आजही इथल्या आजोबांना तोंडपाठ आहे; जॉनी रॉजर्सने पंट (समोरच्या संघाने पायाने लांब मारलेला चेंडू) झेलून ७२ यार्ड कापले ते तर चेंडूगणिक सांगतात.

आता मुद्दा. १९७३ मध्ये टॉम ऑस्बोर्न आले. पहिली पाच वर्षं त्यांना ओक्लाहोमाला एकदाही हरवता आलं नाही. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळालं १९९४ मध्ये, बाविसाव्या हंगामात! मधल्या काळात लोक कुरकुरले, १९७८ नंतर ऑस्बोर्न स्वतः कोलोराडोला जाण्याच्या बेतात होते. पण त्यांना कोणी काढलं नाही. त्याचं फळ म्हणजे १९९३ ते १९९७ या पाच हंगामांत ६० विजय, ३ पराभव, तीन विजेतेपदं.

आणि सोलिच? १९९८ पासून ९-४, १२-१, १०-२, ११-२, ७-७, ९-३. एक वाईट वर्ष, त्यानंतर सुधारणा, आणि हकालपट्टी. क्रीडा संचालक स्टीव्ह पेडरसनचं म्हणणं होतं की संघ सामान्य होत चाललाय, ते आपण खपवून घेणार नाही. म्हणून बिल कॅलाहन आले. २००४ मध्ये ५-६, १९६१ नंतरचा पहिला पराभवाचा हंगाम, टेक्सस टेककडून ७०-१० असा मार, आणि सलग ३५ वर्षं चाललेली बोल सामन्यांची (हंगामाअखेर चांगल्या संघांना मिळणाऱ्या खास सामन्यांची) मालिका खंडित. सामान्य होणं म्हणजे काय, ते तेव्हा कळलं.

विदर्भपुत्र

साफ असहमत. ओमाहावासी, तुम्ही एका माणसाच्या नोकरीत वीस वर्षांचा इतिहास कोंबताय.

नेब्रास्का जिंकायचा तो काही ठोस कारणांमुळे, आणि ती कारणं एकेक करून संपली. बॉइड एप्लीला १९६९ मध्ये वजनं उचलण्याच्या प्रशिक्षणासाठी नेमलं, तेव्हा असं कोणी करतच नव्हतं. ऐंशीच्या दशकापर्यंत सगळेच करायला लागले. शिष्यवृत्त्यांची मर्यादा १०५ वरून ९५ आणि मग ८५ वर आली, म्हणजे मोठ्या संघांना चांगली पोरं नुसती बाकावर बसवून ठेवता येईनात, ती दुसरीकडे जाऊन खेळायला लागली. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टीव्ही प्रक्षेपणावरची एनसीएएची, म्हणजे कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेची, पकड मोडली. पूर्वी मोजकेच संघ देशभर दिसायचे, त्यात आपण असायचो. आता फ्लोरिडातल्या पोराला घराजवळचंच कॉलेज दर शनिवारी टीव्हीवर दिसतं, तो थंडीत कुडकुडायला लिंकनला कशाला येईल?

आणि १९९६! बिग ट्वेल्व्ह ही आपली तेव्हाची कॉन्फरन्स सुरू झाली तेव्हा शैक्षणिक निकष अर्धवट पूर्ण करणाऱ्या खेळाडूंच्या प्रवेशावर बंधन आलं. नेब्रास्का त्याविरुद्ध एकटी पडली. दरवर्षीचा ओक्लाहोमाचा सामनाही त्याच फेररचनेत गेला. घसरणीचं बी इथे पेरलं गेलं. सोलिचच्या नशिबी फक्त ते उगवायच्या वेळी शेतात असणं होतं.

२००१ चंच बघा. कोलोराडोने ६२-३६ ने झोडलं, तरी गणकयंत्राच्या क्रमवारीमुळे विजेतेपदाचा सामना मिळाला आणि तिथे मायामीने ३७-१४ ने हरवलं. पुढच्या वर्षी ७-७. दोन्ही वेळा सोलिच कोच होता, त्यामुळे ‘काढलं म्हणून बिघडलं’ हे कालक्रमातच बसत नाही.

सई_लिंकन

मला दोघांचंही पटत नाही. सोलिचवर अन्याय झाला हे मान्य, पण त्यातून संघ सावरला होता. खरी चूक २०१४ ची.

बो पेलिनी २००८ ला कोच म्हणून आले. सात हंगाम, दरवर्षी नऊ किंवा दहा विजय. २००९ चा बिग ट्वेल्व्हचा अंतिम सामना आठवा. टेक्ससच्या कोल्ट मकॉयने चेंडू बाहेर फेकला, घड्याळ शून्यावर, आपले खेळाडू मैदानात धावले. पंचांनी रिप्ले पाहून एक सेकंद परत दिला. टेक्ससने त्या एका सेकंदात किक मारली, १३-१२. आपला बचावपटू एन्डामुकन सूने त्या रात्री टेक्ससच्या क्वार्टरबॅकला (चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूला) साडेचार वेळा जमीन दाखवली होती आणि तरी आपण हरलो. पुढच्या वर्षी ओक्लाहोमाकडून २३-२०. म्हणजे लागोपाठ दोन वर्षं आपण दारापर्यंत गेलो होतो. विदर्भपुत्र, बी १९९६ मध्येच पेरलं होतं तर हे कसं झालं?

२०१४ मध्ये पुन्हा ९-३, पुन्हा हकालपट्टी. त्यानंतरचे कोच माईक रायली १९-१९, फ्रॉस्ट १६-३१. नऊ विजयांचा हंगाम त्या दहा वर्षांत फक्त एकदा, २०१६ ला.

ओमाहावासी

सई, तुमच्या प्रतिसादातच माझा मुद्दा आहे. २००३ मध्ये ९-३ ला काढलं आणि त्यावर शहाणपण शिकलो नाही, म्हणून २०१४ मध्ये ९-३ ला पुन्हा काढलं. एकदा सवय लागली की लागली.

विदर्भपुत्र, शिष्यवृत्त्यांचं आणि टीव्हीचं तुम्ही सांगता ते खरं आहे, पण ९० च्या दशकातली तिन्ही विजेतेपदं १९८४ च्या निकालानंतरची आहेत हे विसरू नका. परिस्थिती बदलली तरी ऑस्बोर्न बदलत गेले. फ्लोरिडाच्या वेगवान संघांकडून मार खाल्ल्यावर त्यांनी बचावात वेगवान पोरं आणली आणि १९९५ च्या हंगामाअखेर फिएस्टा बोलमध्ये त्याच फ्लोरिडाच्या विद्यापीठाला ६२-२४ ने हरवलं. हे जमायला कोचला वेळ लागतो आणि घरची पद्धत टिकावी लागते. सोलिच साठच्या दशकात डेव्हनींच्या हाताखाली खेळलेला, ऑस्बोर्नच्या हाताखाली तयार झालेला. कॅलाहनने येऊन ऑप्शनचा खेळ (चेंडू स्वतः घेऊन धावायचं की साथीदाराला द्यायचा हे क्वार्टरबॅकने ऐनवेळी ठरवायची पद्धत) गुंडाळला. गावागावातली पोरं शिष्यवृत्तीविना, स्वतःच्या पैशाने शिकत संघात यायची आणि चौथ्या वर्षी मैदानात उतरायची, ती वाटही आखडली. चाळीस वर्षांत बांधलेलं चार वर्षांत मोडलं. २००७ मध्ये ऑस्बोर्नना क्रीडा संचालक म्हणून परत बोलवावं लागलं, आणि त्याच हंगामात कॅन्सासने ७६ गुण ठोकले.

आणि काढलेला सोलिच ओहायो विद्यापीठात गेला, तिथे २००५ ते २०२० टिकला आणि ११५ सामने जिंकला. हा माणूस नालायक होता?

मिशिगनकर

डेट्रॉइटहून एक आठवण: १९९७ चं विजेतेपद वाटून घेतलेलं आहे. मतदानात पत्रकारांनी मिशिगनला दिलं, कोचांनी नेब्रास्काला. ‘तीन विजेतेपदं’ म्हणताना हे सांगायला हवं. त्यातही मिझुरीविरुद्ध तुमच्या खेळाडूच्या पायाला लागून चेंडू उडाला आणि मॅट डेव्हिसनच्या हातात पडला, म्हणून सामना वाचला. चेंडू पायाने उडवणं नियमात बसत नव्हतं.

ओमाहावासी

पंचांनी दिला, आपण घेतला. तेव्हा विजेता ठरवणारा प्लेऑफ नव्हता, नाहीतर तुम्हाला रोझ बोलमध्ये नव्हे, आमच्याशीच खेळावं लागलं असतं. १३-० हे १३-० असतं. :)

विदर्भपुत्र

मूळ विषयावर येतो. ओमाहावासी, ऑस्बोर्नना बावीस वर्षं दिली म्हणता, पण त्या बावीस वर्षांत ते एकदाही नऊच्या खाली गेले नाहीत. संयम दाखवणं सोपं होतं. सोलिच ७-७ वर आल्यावर खरी परीक्षा होती.

आणि लोकांचा ऑस्बोर्नवर जीव का होता? निव्वळ आकड्यांसाठी नाही. २ जानेवारी १९८४ चा ऑरेंज बोल घ्या. मायामी ३१-१७ ने पुढे. आपण ३१-३० पर्यंत आलो, ४८ सेकंद शिल्लक. साधी किक मारली असती तर एक गुण, सामना बरोबरीत, तेव्हा ओव्हरटाइम नव्हता, आणि तोवर अपराजित असल्यामुळे विजेतेपद बहुधा आपलंच. ऑस्बोर्ननी किक घेतली नाही, दोन गुणांसाठी पास मारायला लावला. केनी कॅलहूनच्या बोटांना चेंडू लागला आणि गेला. हरले, पण या राज्याने त्या निर्णयासाठी त्यांना डोक्यावर घेतलं. पेलिनीच्या वाट्याला असं काही आलं का? विस्कॉन्सिनने २०१२ ला अंतिम सामन्यात ७० गुण मारले, २०१४ ला एकट्या मेल्विन गॉर्डनने ४०८ यार्ड धाव घेतली, तीही चौथा क्वार्टर न खेळता. सई, तुमचे नऊ विजय ठीक, पण दरवर्षी तीन-चार पराभव आणि त्यात एखादा असा लाजिरवाणा. लोक विटले होते.

सई_लिंकन

विटले होते म्हणूनच तर सांगतेय, त्यानंतरचं बघा! २०२१ चा हंगाम माझ्या डोळ्यांसमोर झाला. ३-९. नऊच्या नऊ पराभव नऊ किंवा त्याहून कमी गुणांनी. वर्षभरात आपण प्रतिस्पर्ध्यांपेक्षा जास्त गुण मिळवले आणि तरी नऊ सामने हरलो. मिशिगन स्टेटविरुद्ध शेवटच्या काही मिनिटांत आपण २०-१३ ने पुढे होतो. पंट एका बाजूला मारायचा ठरला होता, सगळे बचावपटू त्या बाजूला पळाले, चेंडू गेला दुसऱ्या बाजूला. तिथे जेडन रीड एकटा उभा. ६२ यार्ड, टचडाऊन, ओव्हरटाइम, पराभव. पुढच्या वर्षी डब्लिनमध्ये नॉर्थवेस्टर्नविरुद्ध २८-१७ ने पुढे असताना फ्रॉस्टने अचानक ऑनसाइड किक (चेंडू परत आपल्यालाच मिळावा म्हणून मारलेली छोटी किक) मारायला सांगितली, चेंडू त्यांना मिळाला, ३१-२८ ने हरलो. यात शिष्यवृत्त्यांची मर्यादा कुठे आली? पोरं दमदार होती. हातातला सामना शेवटपर्यंत धरून ठेवणारं कोणी नव्हतं, आणि तेवढं पेलिनीला नक्की जमायचं.

हाऊसफुलबद्दलही एक सांगते. अलीकडे उरलेली तिकिटं देणगीदारांनी विकत घेऊन ती मालिका टिकवल्याचे प्रसंग आलेत. १९६२ पासूनचा आकडा मिरवताना तेही बोललं पाहिजे.

ओमाहावासी

तिकिटांचं माहीत आहे, म्हणूनच ‘अधिकृत नोंदीनुसार’ लिहिलं.

मॅट रूल २०२३ ला कोच म्हणून आले, पहिल्या वर्षी ५-७. २०२४ ला ७-६, आणि यांकी स्टेडियममध्ये बॉस्टन कॉलेजला २०-१५ ने हरवून कितीतरी वर्षांनी बोल जिंकला. सात विजय! २००२ मध्ये याच सात विजयांवर सोलिचच्या राजीनाम्याची मागणी होत होती. आता रूलना वेळ द्या म्हणणारे तुम्ही दोघंही असणार, आणि मीही आहे. मग तोच न्याय सोलिचला का नव्हता, एवढंच विचारतोय.

विदर्भपुत्र

कारण २००२ मध्ये आपण आदल्याच हंगामात राष्ट्रीय अंतिम सामना खेळलो होतो, आणि २०२४ मध्ये सात वर्षं बोलचं तोंड पाहिलं नव्हतं. अपेक्षा जागेवरून ठरतात. २०२३ च्या वसंतातल्या सराव सामन्याला सोलिचना बोलावून सन्मान केला, ते योग्यच झालं. पण २००३ मध्ये त्यांना ठेवलं असतं तर २००९ ला सू आणि पेलिनी मिळाले असते का? सईचं त्यावर काय म्हणणं आहे ते वाचायला आवडेल.