मदत हवी आहे: नाताळला टीनएजर्स आणि मोठ्यांना स्वस्तात मस्त काय देता येईल? (नाशिक)

कॅनडाकॉर्नर_२
अर्जंट आहे. नाताळची गिफ्ट्स घ्यायचीयेत, टीनएजर्ससाठी आणि मोठ्या माणसांसाठी. मजा आली पाहिजे आणि परवडलं पण पाहिजे. कॉफीचा मग, फोटोफ्रेम, पाकीट, डिओ हे सांगू नका प्लीज, सगळं देऊन झालंय, आणि पोरं तर काहीही दिलं तरी "ओके" म्हणून परत मोबाईलमध्ये. उद्या संध्याकाळी बाजारात जाणार आहे तर लवकर सांगा.

सातपूरकर
बजेट किती? किती जण? मुलं की मुली? एवढं तरी लिहायचं ना ताई.

कॅनडाकॉर्नर_२
बजेट नॉर्मलच आहे हो.

सातपूरकर
नॉर्मल म्हणजे? माझं नॉर्मल दोनशे आहे आणि माझ्या साल्याचं दोन हजार.

देवळाली_कॅम्प
सरळ पाकिटात पाचशेची नोट घालून द्या. टीनएजरला दुसरं काहीही नको असतं, माझ्याकडे दोन आहेत, अनुभवाने सांगतेय.

रविवार_कारंजा
पैसे देणं म्हणजे गिफ्ट नाही, लग्नातला आहेर झाला तो. भांडी बाजारात जा, तांब्याच्या बाटल्या घ्या, नाशिकची वस्तू, आयुष्यभर टिकते, माझ्या भाच्यांना मी दरवर्षी तांब्या-पितळेचंच देतो.

देवळाली_कॅम्प
आणि भाचे दरवर्षी चिंच लावून घासत बसतात का? आमच्याकडे तीन बाटल्या हिरव्या पडून आहेत. पंधरा वर्षाच्या मुलाला तांब्याची बाटली दिली तर तो त्यात लिंबू सरबत भरणार, आणि तांब्यात आंबट भरायचं नसतं हे त्याला कोण सांगणार?

रविवार_कारंजा
सांगायचं मोठ्यांनी. त्यालाच संस्कार म्हणतात.

निवांत_पंचवटी
चिवडा द्या. नाशिकचा चिवडा कोणाला आवडत नाही.

कॅनडाकॉर्नर_२
सगळे नाशिकचेच आहेत 🙄 चिवडा काय गिफ्ट देऊ त्यांना. बरं, सगळे विचारताय म्हणून लिहिते. मोठे ९, पोरं ५ (१३ ते १८, तीन मुली दोन मुलगे). सगळं मिळून साडेतीन हजार, त्याच्या वर नाही. आणि पाकीट चालणार नाही, सासूबाईंचा नियम आहे, नाताळला पैसे द्यायचे नाहीत. २४ ला रात्री चर्चहून आलो की सगळ्यांसमोर उघडतात, एकेक करून.

सातपूरकर
हे आधी लिहायचं! सगळ्यांसमोर उघडणार म्हटल्यावर गणितच बदललं. साडेतीन हजार भागिले १४, माणशी अडीचशे. अडीचशेत प्रत्येकाला वेगळं काही घ्यायला गेलात तर चौदा फालतू वस्तू येतील, आणि एका काकूचा मग दुसरीच्या मगापेक्षा मोठा निघाला तर पुढचा नाताळ येईपर्यंत ऐकाल.

गोदाकाठची
ताई तुम्ही शरणपूर रोडच्या का? तिकडे तिबेटियन मार्केटला स्वेटर, कानटोप्या, मोजे लागलेत, डिसेंबरात सगळं नाशिक तिथेच असतं. घासाघीस करा. मुलींना लोकरी टोप्या एकदम आवडतात, फोटो काढायला.

पेठ_रोडवाला
शरणपूर म्हटलं की सांगावंसं वाटतं, ही मिशनची जुनी वसाहत, १८५०च्या दशकातली. गुलामीतून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना तिथे ठेवून शिकवायचे. आफ्रिकेत फिरलेले मिशनरी डॉ. लिव्हिंग्स्टन १८७३ मध्ये आफ्रिकेत वारले तेव्हा त्यांचं शव समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून नेणाऱ्यांत इथे शिकलेले लोक होते, जेकब वेनराइट वगैरे. नाशिकच्या लोकांना हे माहीतच नसतं.

सातपूरकर
काका, भारी माहिती, पण अडीचशेत काय घ्यायचं ते सांगा.

पेठ_रोडवाला
तेच सांगतोय, मुलांना हा इतिहास सांगा. फुकट आहे.

हाउजी_क्वीन
माझं ऐका. माणशी गिफ्ट घ्यायचंच नाही. मोठ्यांसाठी हाउजी लावा, म्हणजे तंबोला, पुकारलेले आकडे तिकिटावर खोडायचे. पहिले पाच, चार कोपरे, वरची ओळ, मधली ओळ, खालची ओळ, फुल हाउस, झाली सहा बक्षिसं. तिकिटांचं पुस्तक स्टेशनरीच्या दुकानात पन्नास-साठ रुपयांत मिळतं, आकडे मोबाईलवर काढता येतात. बक्षिसं मजेशीर ठेवा. आमच्याकडे फुल हाउसला कागदात गुंडाळून, वर रिबिन लावून पाच किलो लासलगावचा कांदा ठेवला होता, माझे मेहुणे ते खोकं उचलताना एवढे खूश, उघडल्यावरचा चेहरा बघायला पाहिजे होता. खरं बक्षीस वेगळं द्यायचं नंतर, नाहीतर भांडणं होतात.

देवळाली_कॅम्प
९ माणसं आणि ६ बक्षिसं, म्हणजे तिघं रिकाम्या हाताने. त्यात सासूबाई असल्या तर?

हाउजी_क्वीन
तर सगळ्यांना पाव किलो बेदाण्याचं पाकीट. पिंपळगाव बाजूचे घ्या.

तासगावकर_सध्या_नाशिक
बेदाणा घ्यायचा तर तासगावचा घ्यावा, सांगलीच्या बेदाण्याला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे. नाशिकने द्राक्षं खाऊ घालावीत, बेदाण्याच्या भानगडीत पडू नये.

रविवार_कारंजा
जीआय नाशिकच्या द्राक्षांना पण आहे साहेब. राहता नाशकात आणि गुण गाता सांगलीचे.

तासगावकर_सध्या_नाशिक
पगार नाशिकचा, जीभ सांगलीची.

गोदाकाठची
मोठ्या बायकांना पैठणीचा बटवा द्या ना, येवल्याचा. छान दिसतो.

विणकर_येवला
स्वस्तात जे बटवे मिळतात त्यांचं कापड बहुतेक यंत्रमागाचं असतं, ते पैठणी म्हणून देऊ नका एवढंच. बटवा म्हणून द्या, चांगलाच आहे. ज्यांच्या घरी खरी पैठणी आहे त्या बाईला हात लावताच कळतं.

अकरावी_सायन्स
मी १७ चा आहे म्हणून लिहितो. आम्ही "ओके" म्हणतो कारण सगळे नातेवाईक आमच्या तोंडाकडे बघत बसलेले असतात, अजून काय बोलणार. आणि प्लीज १३ वर्षाच्या मुलीला आणि १८ वर्षाच्या मुलाला एकसारखं देऊ नका. पाचही जणांना मिळून एक-दोन गेम घ्या. ऊनो घ्या, पत्त्यांचा गेम, स्वस्त आहे, पाच जण आरामात खेळतात, आणि काका लोक पण येऊन बसतात आणि चीटिंग करतात. वर प्रत्येकाला छोटं काहीतरी, पण निवडायचं आम्ही.

सातपूरकर
शाब्बास. निवडायचं कसं पण?

अकरावी_सायन्स
सहा-सात पार्सल पॅक करून ठेवायची, आत काय ते कोणाला माहीत नाही. चिठ्ठ्या टाकून नंबर काढायचे. पहिला एक उघडतो. दुसरा एकतर नवीन उघडतो नाहीतर पहिल्याचं पळवतो, ज्याचं गेलं तो नवीन घेतो. एकच वस्तू तीनदा पळवली की फिक्स. आमच्या क्लासमध्ये खेळलो होतो, साधी मोबाईल रिंग लाइट होती तिच्यावर मारामारी झाली. पळवण्यातच मजा आहे, वस्तू काय पण असू दे.

मिसळ_आणि_मी
रिंग लाइट, स्टँड, केबल वगैरे एमजी रोडवर बघा, तिकडे मोबाईलवाल्यांची रांगच आहे. दुकानातच लावून बघा, घरी येऊन बंद निघाली तर कोणी बदलून देत नाही, माझं झालंय. आणि गाडी नेऊ नका, पार्किंगला जागा नाही, मेनरोडला तर त्याहून नाही.

देवळाली_कॅम्प
पॉवर बँक पण बघा, पण कोणी विमानाने परत जाणार असेल तर सांगा त्याला, चेक-इन बॅगेत चालत नाही, हातातल्या बॅगेतच ठेवायची.

सातपूरकर
अडीचशेत पॉवर बँक कोण देतंय ताई.

देवळाली_कॅम्प
मी जनरल सांगितलं.

निवांत_पंचवटी
नाताळचं झाड कुठे मिळेल स्वस्तात?

रविवार_कारंजा
झाडाचं कोणी विचारलंय का इथे?

निवांत_पंचवटी
मी विचारतोय.

कॅनडाकॉर्नर_२
थँक्यू अकरावी, तुझंच सगळ्यात कामाचं निघालं. असं ठरवतेय: पोरांना ऊनो आणि पळवापळवीची सात पार्सलं, त्यात दोन लोकरी टोप्या, एक रिंग लाइट, ब्रश पेनचा सेट, बाकी बाजारात बघेन. हजार ते बाराशे. मोठ्यांना हाउजी, बक्षिसांचे बाराशे, त्यात दोन बटवे, आणि वर सगळ्यांना बेदाणे. कांद्याचं खोकं नक्की, कारण धाकट्या दिरालाच फुल हाउस लागतं नेहमी. तांब्याची बाटली नको, सासऱ्यांकडे आहे, दोन आहेत.

रविवार_कारंजा
पितळेची छोटी घंटा तरी ठेवा पार्सलात. नाताळला शोभते.

कॅनडाकॉर्नर_२
ती घेईन, दीडशेच्या आत मिळाली तर.

तासगावकर_सध्या_नाशिक
बेदाणे कुठले घेताय?

हाउजी_क्वीन
घरी फराळ पण करताय ना? अनारसे माझे दरवर्षी तेलात विरघळतात, कोणी सांगेल का काय चुकतं?

गोदाकाठची
पीठ जास्त सैल होतंय बहुतेक. तांदूळ तीन दिवस भिजवता का, आणि रोज पाणी बदलता का?