‘सॉल्टिंग आउट’ला मराठीत काय म्हणावे? एका वाक्यात तीन क्षार झालेत

भाषांतरवाला
एका लेखाच्या भाषांतरात अडकलोय. विषय असा : आयनिक लिक्विड मिसळलेल्या पाण्यात औषधांची सॉल्ट्स कशी वागतात. माझं वाक्य उतरलं ते असं : ‘आयनिक द्रावणात औषधी क्षाराचे क्षारण होऊन साका तळाशी बसतो.’ मुद्रितशोधनात ‘क्षारण’चं ‘क्षरण’ झालं आणि औषध चक्क गंजलं! बरं, आयनिक लिक्विड हेही सॉल्टच. म्हणजे औषध क्षार, त्याला हुसकावणारा क्षार आणि क्रियेच्या नावातही क्षार. ‘सॉल्टिंग आउट’ला, म्हणजे एक सॉल्ट घातल्यामुळे आधी विरघळलेला दुसरा पदार्थ पाण्यातून बाहेर पडण्याला, सुटसुटीत शब्द आहे का?

मोलल
आधी ‘आयनिक द्रावण’ खोडा. लिक्विड म्हणजे द्रव, सोल्यूशन म्हणजे द्रावण. साधं मिठाचं पाणीसुद्धा आयनिक द्रावणच असतं. आयनिक द्रव म्हणजे नुसत्या धन आणि ऋण आयनांचं, पण शंभर अंश सेल्सिअसच्या आत वितळणारं सॉल्ट. त्यात वेगळा द्रावक लागत नाही. इथिल अमोनियम नायट्रेट १२ अंशांना वितळतं हे पॉल वाल्डेन यांनी १९१४ मध्ये नोंदवलं, ते उदाहरण नेहमी देतात. तुमच्या लेखात तो द्रव पाण्यात विरघळवलेला आहे, म्हणून ‘आयनिक द्रवाचं जलीय द्रावण’ म्हणा. लांबलचक आहे, पण बरोबर आहे.

लवणप्रेमी
मुळात ‘क्षार’ हाच शब्द सॉल्टसाठी चुकला. आयुर्वेदातला क्षार म्हणजे वनस्पती जाळून, राख पाण्यात कालवून, गाळून आटवलेला दाहक पदार्थ. सुश्रुतात त्याचे मृदू, मध्यम, तीक्ष्ण असे प्रकार आहेत. अल्कली हा अरबीतून आलेला शब्दही राखेशीच नातं सांगतो. म्हणजे क्षार हा आम्लाचा शत्रू, आम्ल आणि आम्लारीच्या संयोगातून झालेलं अपत्य नव्हे. सॉल्टला लवण म्हणा, विश्वकोशातही तोच शब्द भेटतो. ‘औषधी लवण’, ‘लवणक्षेपण’. झालं तुमचं काम.

आम्लारी
आणि शाळेच्या पुस्तकांत आम्ल, आम्लारी आणि क्षार शिकलेल्या पिढ्यांचं काय करायचं? मराठी वाचकाला क्षार म्हटलं की सॉल्टच कळतं. क्षाराला बेस मानण्याची सवय हिंदीची आहे, ती आपल्या गळ्यात कशाला? उलट ‘लवण’ वाचून निम्म्यांच्या डोळ्यांसमोर स्वयंपाकातलं मीठ येतं, उरलेल्यांच्या डोळ्यांसमोर उतार.

सामू_बघा
शब्दाचं बारसं नंतर करा. लेखातला साका नक्की कशाचा आहे ते आधी तपासा, कारण तळाशी काही बसलं म्हणजे सॉल्टिंग आउट झालंच असं नाही. निदान चार वेगळ्या गोष्टी सारख्याच दिसतात.

पहिली गोष्ट समान आयनाची. औषध हायड्रोक्लोराइड आणि आयनिक द्रव बीएमआयएम (ब्युटिल-मिथिल-इमिडाझोलियम हा धन आयन) क्लोराइड असेल तर क्लोराइड दोघांत सामाईक. समजा एकास एक आयनांच्या एखाद्या औषधाचं संपृक्त द्रावण ०.१० मोल प्रतिलिटर आहे, म्हणजे विद्राव्यता गुणाकार ०.०१. आता बाहेरून ०.५ मोल क्लोराइड आला की औषध ०.०१९ मोलपर्यंत घसरतं (सक्रियता गुणांक सोडून दिलेत, पण दिशा तीच). पाचपट घट, आणि इमिडाझोलियमचा यात काही हात नाही. पडताळा सोपा आहे : तेवढ्याच मोलचं साधं सोडियम क्लोराइड घालून बघा. घट जवळपास तेवढीच आली तर श्रेय आयनिक द्रवाला देऊ नका.

दुसरी सामूची, आणि फसगत होते ती बहुतेक इथेच. क्लोराइड टाळायचा म्हणून कुणी बीएमआयएम ॲसिटेट घेतं. ॲसिटेटच्या ०.५ मोल द्रावणाचा सामू औषध घालण्याआधीच ९ च्या थोडा वर असतो. लिडोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचा पीकेए (ज्या सामूला निम्मे रेणू प्रभारित असतात तो) साधारण ७.९. सामू तिथे टिकला तर दर वीस रेणूंतले एकोणीस प्रभार टाकून मुक्त आम्लारी होतात, आणि ती पाण्यात फारशी विरघळत नाही. तळाशी बसलं ते क्षारच नाही! डायक्लोफेनॅक सोडियमचं नेमकं उलट. त्याच्या आम्लाचा पीकेए सुमारे ४. बीएफ-फोर किंवा पीएफ-सिक्स या फ्लोरीनच्या ऋण आयनांचे द्रव पाण्यात हळूहळू फुटतात आणि हायड्रोफ्लोरिक आम्ल सोडतात. सामू उतरला की डायक्लोफेनॅकचं आम्ल साक्यात येतं. (ही द्रावणं काचेच्या भांड्यात दिवसेंदिवस ठेवू नयेत. काच खरवडली जाते, आणि ते आम्ल हातालाही वाईट.)

तिसरी आयनजोडी. इमिडाझोलियमची शेपटी (त्याला जोडलेली कार्बनची साखळी) चौदा-सोळा कार्बनची असेल आणि औषध ऋण आयनाचं, तर दोघे एकमेकांना चिकटतात. समसमान मोलच्या आसपास द्रावण गढूळ होतं, कधी साका बसतो, कधी तेलकट थर सुटतो. आयनिक द्रव आणखी घातला की पुन्हा नितळ होतं, कारण जादा मिसेल (लांब शेपट्यांच्या आयनांचे साबणासारखे पुंजके) त्या जोडीला पोटात घेतात. खरं सॉल्टिंग आउट असतं तर आणखी घातल्यावर आणखी बाहेर पडलं असतं.

या तिन्ही वजा करून उरेल ती चौथी गोष्ट, सॉल्टिंग आउट.

भाषांतरवाला
लेखात ॲसिटेटच आहे! सामू दिलेला नाही.

सामू_बघा
मग ‘साका बसतो’ एवढंच लिहा, कारणाचं नाव घालू नका. मूळ लेखकांना विचारता आलं तर साक्याची भुकटी क्ष-किरणाखाली पाहिली होती का ते विचारा. सिल्व्हर नायट्रेटची परीक्षा इथे दगा देते. साका न धुता केली तर चिकटून आलेल्या द्रावणातला क्लोराइड पांढरा दिसतो, धुतला तर औषधाचं क्षारही धुऊन जातं.

मोलल
चौथीच्या नावाबद्दलही बोलू. सेचेनोव यांचं १८८९ चं समीकरण : मूळ विद्राव्यता भागिले नवी विद्राव्यता, त्याचा लॉग म्हणजे एक स्थिरांक गुणिले क्षाराची संहती. स्थिरांक ०.३ आणि क्षार १ मोल असेल तर विद्राव्यता अर्ध्यावर येते. स्थिरांक ऋण असेल तर उलट वाढते, ते सॉल्टिंग इन. पण हे समीकरण प्रभार नसलेल्या द्राव्यासाठी. औषध स्वतःच आयन असेल तर सॉल्टिंग आउट हे इंग्रजी नावही सैलच वापरलेलं असतं. सैल शब्दाला घट्ट मराठी शब्द शोधतोय आपण.

लवणप्रेमी
सॉल्टिंग आउट ‘लवणक्षेपण’, सॉल्टिंग इन ‘लवणविलेपन’. जोडी जमते.

आम्लारी
विलेपन म्हणजे लेप लावणं हो! ‘विलयन’ म्हणायचंय का? आणि क्षेपण म्हणजे फेकणं. क्षार औषधाला फेकत नाही. आयन आपल्याभोवती पाणी गोळा करून बसतात, औषधाला पाणी उरत नाही. ‘पाणी तोडणे’ हे जास्त खरं. क्षाराने पाणी तोडलं, औषध खाली बसलं.

लवणप्रेमी
विलयन, हो. घाई नडली. पण ‘पाणी तोडणे’ शास्त्रीय लेखात? नळजोडणीची बातमी वाटेल.

शेपटी_मोजा
‘पाणी तोडणे’ छान आहे, पण नेहमी लागू नाही. १८८८ मध्ये हॉफमाइस्टर यांनी अंड्यातल्या पांढऱ्या प्रथिनावर क्षार लावून बघितले, तेव्हापासून माहीत आहे की सगळे आयन सारखे नसतात. सल्फेट, सायट्रेट बाहेर काढतात, थायोसायनेट आत घेतं. त्यामुळे बीएमआयएमच्या जोडीला थायोसायनेट असेल तर पाण्यात सहज न विरघळणारं औषध उलट जास्त विरघळू शकतं. त्याला नॉयबर्ग यांनी १९१६ मध्ये दिलेलं नाव हायड्रोट्रोपी. त्यालाही मराठी शब्द हवाय. शिवाय शेपटी मोजा : आठ कार्बनची असेल तर क्लोराइडच्या बाबतीत मिसेल सुमारे ०.२ मोलपासून होतात, सोळाची असेल तर १ मिलिमोलच्या आसपास. ‘आयनिक द्रव घातला’ एवढ्याने काहीच कळत नाही.

मोलल
आता शब्द चुकला की आकडा कसा चुकतो ते बघा. मोललता म्हणजे दर किलो द्रावकात किती मोल. इथे द्रावक कोण? ०.२ मोलल बीएमआयएम क्लोराइड म्हणजे किलोभर पाण्यात ३४.९ ग्रॅम (मोलर वस्तुमान १७४.६७). औषधासाठी द्रावक हे मिश्रण, म्हणजे १०३४.९ ग्रॅम. भाषांतरात ‘दर किलो पाण्यात’ लिहिलंत की साडेतीन टक्के चूक घरात आली. भासमान मोलर आकारमान (एक मोल औषध विरघळल्यावर द्रावण जेवढं वाढल्यासारखं दिसतं ते) काढतानाही तेच. सूत्रातली द्रावकाची घनता त्या मिश्रणाची मोजून घ्यायची, पाण्याची नव्हे. पाण्याची घातली तर आयनिक द्रवाने वाढवलेली घनता औषधाच्या नावावर पडते, आणि औषध जितकं विरळ तितकी चूक मोठी.

वजनातही दोन खड्डे आहेत. बीएमआयएम क्लोराइड हवेतलं पाणी ओढतं. त्यात पाच टक्के पाणी असेल तर १७.४७ ग्रॅम तोलूनही किलोभर पाण्यात ०.१०० ऐवजी ०.०९५ मोललच होतं. म्हणून निर्वातात तापवून सुकवा, कार्ल फिशर पद्धतीने त्यातलं पाणी मोजा आणि तेवढी दुरुस्ती करा. नुसतं ‘सुकवलं होतं’ पुरत नाही. दुसरा खड्डा औषधाचा : लिडोकेन हायड्रोक्लोराइड बहुधा मोनोहायड्रेट मिळतं, २८८.८. निर्जलाचे २७०.८ धरले तर सहा टक्के कमी पडतं.

लवणप्रेमी
‘आकारमान’ म्हणजे साइजसुद्धा. ‘आयतन’ का नको?

आम्लारी
आता स्वतःच हिंदीतून आणताय. ‘घनफळ’ होतं की आपलं.

मोलल
घनफळ पेटीचं काढतात. भासमान मोलर आकारमान ऋणही येऊ शकतं. ऋण घनफळ कसं समजावणार?

शेपटी_मोजा
ऋण आकारमान तरी कुठे समजतं? विरघळलेल्या आयनाने भोवतालचं पाणी इतकं आवळलं की एकूण द्रावण आक्रसलं, एवढंच. बाकी विस्कॉसिटीला काय लिहिताय? विरघळलेल्या क्षाराने द्रावणाचा दाटपणा किती बदलतो ते सांगणाऱ्या जोन्स-डोल समीकरणातला बी गुणांक येणारच लेखात. श्यानता की विष्यंदिता?

आम्लारी
विष्यंदिता. उच्चार करतानाच तिचा अर्थ कळतो.

लवणप्रेमी
श्यानता. आणि ‘आयनिक’ नको, ‘आयनी’ करा, तो इक प्रत्यय अर्धा इंग्रजी आहे.

शेपटी_मोजा
बीएमआयएम क्लोराइड साध्या तापमानाला घन असतं, साधारण सत्तर अंशांना वितळतं. तरी त्याला द्रवच म्हणतात. आणि पाण्यात पातळ केल्यावर तर त्याचे सुटे आयनच उरतात. ‘आयनी’ की ‘आयनिक’ यावर भांडण्याआधी ‘द्रव’वर भांडा.

भाषांतरवाला
‘क्षारण’ खोडलं. तूर्त ‘ॲसिटेट घातल्यावर औषध साक्याच्या रूपात बाहेर पडतं’ असं लिहिलंय आणि सामूबद्दल मूळ लेखकांना पत्र धाडलंय. सॉल्टिंग आउट अजून सात ठिकाणी आहे, तिथे काय करू?

लवणप्रेमी
लवणक्षेपण.

आम्लारी
सातही ठिकाणी कोणता ऋण आयन आहे ते आधी सांगा.