रेफरन्स काउंटिंग : 'संदर्भगणना' की 'धारकगणना'?

विचारणा

स्विफ्ट ही प्रोग्रामिंगची भाषा शिकणाऱ्या मुलांसाठी मराठीत टिपणं लिहिते आहे. 'रेफरन्स काउंटिंग'ला (मेमरीतली वस्तू कधी काढून टाकायची हे ठरवणारी मोजणी) 'संदर्भगणना' हा शब्द सुचतो, पण मुलं 'संदर्भ' म्हटलं की संदर्भग्रंथ किंवा मागचापुढचा संदर्भच घेतात. दुसरं, 'ऑब्जेक्ट लाइफटाइम'ला आयुष्य, आयुर्मान, हयात यातलं काय घ्यावं?

प्रतिसाद

'संदर्भगणना' अर्थानेच चुकतो. वस्तूचा (ऑब्जेक्टचा) उल्लेख किती ठिकाणी आहे हे इथे मोजत नाहीत. तिला किती जणांनी धरून ठेवलंय हे मोजतात. शेवटच्याने सोडलं की आकडा शून्यावर येतो आणि वस्तू तिथल्या तिथे नष्ट होते. म्हणून 'धारकगणना'. स्विफ्टच्या आधीच्या ऑब्जेक्टिव्ह-सी भाषेत २०११ साली एआरसी (ऑटोमॅटिक रेफरन्स काउंटिंग) येईपर्यंत प्रोग्रामर हाताने 'रिटेन' आणि 'रिलीज' लिहीत. आपल्याकडे सरळ 'धर' आणि 'सोड' आहेत. (जोडून 'धरसोड' मात्र करू नका, त्याला चंचलपणाचा अर्थ चिकटलाय.) एआरसीत ही कामं कंपायलर घालतो, मोजणी तीच.

खरा कस लागतो तो वीक रेफरन्सपाशी. समजा 'पुस्तक' या वस्तूकडे प्रकरणांची यादी आहे, आणि प्रत्येक 'प्रकरण' आपलं पुस्तक कोणतं हे लक्षात ठेवतं. एकच प्रकरण धरा. पुस्तकाला एक व्हेरिएबल धरतं आणि ते प्रकरणही धरतं, म्हणजे आकडा २. व्हेरिएबलने सोडलं की १. प्रकरणाला पुस्तकाने धरलंय, तिथेही १. आता बाहेरून कुणी या दोघांपर्यंत पोचू शकत नाही, तरी दोघंही मेमरी अडवून बसतात. हे 'धारणचक्र'. प्रकरणाकडून पुस्तकाकडे जाणारा रेफरन्स वीक केला की तो मोजला जात नाही. व्हेरिएबलने सोडताच पुस्तक शून्यावर येतं, जाताना प्रकरणालाही सोडतं. म्हणजे रेफरन्स आहे, पण गणनेत नाही! 'संदर्भगणना' म्हणणाऱ्याला हे समजावताना अडखळावंच लागेल.

रेफरन्सला 'दुवा' म्हणा: स्ट्राँग तो घट्ट दुवा, वीक तो सैल. घट्ट दुवा ठेवणारा तेवढा धारक.

हयात उत्तम. आयुर्मान सरासरीचं असतं. 'वस्तूची हयात' आणि 'वस्तू हयात आहे का' ही दोन्ही कामं एकाच शब्दात होतात, आणि सैल दुवा वापरण्याआधी दुसरा प्रश्न विचारावाच लागतो, कारण वस्तू गेली की तो आपोआप निल (म्हणजे रिकामा) होतो.

प्रतिसाद

'धारक' म्हणजे खातेधारक, परवानाधारक, हाडामांसाचा माणूस. व्हेरिएबलला धारक म्हणणं जड वाटतं. शिवाय पायथन ही भाषा वापरणाऱ्यांना चक्रांची एवढी चिंता नसते. तिथे २.० आवृत्तीपासून चक्रं शोधून साफ करणारा वेगळा कलेक्टर आहे.

प्रतिसाद

स्विफ्टमध्ये तसा कलेक्टर नाही, तिथे सैल दुवा आपणच ठेवायचा. आणि पायथनच्या पोटात, सी भाषेच्या पातळीवर, हाच भेद पुन्हा भेटतो. 'पायलिस्ट_गेटआयटम' हे फंक्शन यादीतली वस्तू देतं, पण आकडा वाढवत नाही. त्याला ते लोक 'बॉरोड रेफरन्स' म्हणतात. उसना दुवा. उसन्यावर 'सोड' चालवली तर दुसऱ्याच्या नावचा आकडा उतरतो आणि वस्तू वापरात असतानाच जाते. कोण धारक आणि कोण नाही हे कळल्याशिवाय तिथे एक ओळ धड लिहिता येत नाही. शब्द जड असला तरी चालेल, तो हा फरक दाखवतो.

विचारणा करणारीकडून

पटलं. 'अनओन्ड'ला (स्विफ्टमधला आणखी एक न मोजला जाणारा रेफरन्स) 'बेवारस' कसा वाटतो?

प्रतिसाद

नको. वस्तू बेवारस नसते, या दुव्याचा तिच्यावर हक्क नसतो एवढंच. 'बिनमालकी दुवा' म्हणा, आणि तो सैल दुव्यासारखा निल होत नाही हे मुलांना आवर्जून सांगा: वस्तू गेल्यावर वापरला तर प्रोग्राम कोसळतो. आणखी एक, 'रिलीज'ला 'मुक्त करणे' लिहू नका. रिलीजने आकडा फक्त एकाने उतरतो. वस्तू मुक्त होते ती शून्यावर, आणि त्या क्षणी स्विफ्टमध्ये 'डीइनिट' (वस्तू जाताना चालणारा कोड) चालतं.